विरजणाचं मडकं

"काका, तुमच्या दह्याचा नमुना नापास झालाय," तपासणी अधिकारी बाई म्हणाल्या. "दूध ठीक आहे, पाणी ठीक आहे. जंतू सापडले ते दह्यातच."

डेअरीवाल्या म्हाताऱ्याचा विश्वासच बसेना. दुकान कसं लख्ख. पातेली उकळत्या पाण्यातून निघायची, आणि नखं वाढलेल्या नोकराला तो गिऱ्हाइकांसमोर फैलावर घ्यायचा. हा गाईलासुद्धा खूर धुतल्याशिवाय गोठ्यात घेत नसेल, अशी लोक त्याची थट्टा करायचे.

बाई एकेक कप्पा बघत आतल्या खोलीत गेल्या. फळीवर एक मातीचं मडकं होतं. काठाला पिवळट खपली धरली होती.

"हे कधी धुतलं होतं?"

म्हातारा मडक्याच्या आड येऊन उभा राहिला. शेवटी सूनच बोलली. "आई गेल्यापासून नाही. त्यांनी लावलेलं शेवटचं विरजण आहे त्यात. बाबा तळाशी थोडं ठेवतात आणि रोज त्यावरच दूध ओततात. आम्हाला हात लावू देत नाहीत."

"आणि दुकानातलं सगळं दही याच विरजणाचं?"

"याचंच," म्हातारा म्हणाला. "तिच्या हातचं आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "सगळं टाकावं लागेल, काका. मडकंही फोडावं लागेल. मातीत मुरलेलं धुऊन जात नाही."

नोकरांनी पातेली एकामागून एक मोरीत रिकामी केली. त्या गडबडीत म्हाताऱ्याने मडक्यातलं चमचाभर दही वाटीत काढलं आणि वाटी डब्याआड सरकवली. सुनेनं ते पाहिलं. पण सासूनं तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. तिची जीभ उचलेना.

निघता निघता बाईंचं लक्ष सुनेच्या पोटाकडे गेलं. "कितवा?"

"सातवा."

"यातलं दही खात होतीस?"

"रोज. बाबाच वाटी भरून देतात."

"आता बोटभरही नको. बाळाच्या जिवाला धोका असतो. आजच डॉक्टरांना दाखवून ये."

नातवंडाला आजीच्या हातचं मिळू दे, असं म्हणत म्हाताराच सुनेला आग्रह करकरून वाढत होता. तो डब्यांकडे गेला, लपवलेली वाटी काढली आणि नळाखाली धरली. बायकोचं होतं नव्हतं ते पांढरं पाणी होऊन जाळीतून खाली गेलं. मग त्यानं मडकं अंगणात नेऊन स्वतःच्या हातानं फोडलं आणि तिथेच बसला. बायको गेली त्या दिवशी पाहुण्यांची उठबस करण्यात त्याला रडायलाही सवड झाली नव्हती. आज तो सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला.

संध्याकाळी सून डॉक्टरकडून आली. बाळ ठीक होतं. म्हाताऱ्यानं हात जोडले.

थोड्या वेळानं तिनं भीतभीतच विचारलं, "बाबा, दुकान परत उघडायचं तर विरजण लागेल. कुणाकडून आणू?"

"आण कुणाकडूनही," तो म्हणाला. "आता काय, कुणाचंही चालेल."