बटणावरचं चित्र

एकही बोट पुढं येईना.

हिंगणीच्या समाजमंदिरात सतरंजीवर तीस-चाळीस बाया बसल्या होत्या. भागाबाईच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये तिच्या भाचीनं, वर्षालीनं बनवलेलं ॲप, आणि ॲपवर एक मोठं बटण. जंगलात वाघ दिसला की ते दाबायचं. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाकी सगळ्या बायांचे फोन वाजतील; त्यांच्याही फोनमध्ये ते टाकून झालं होतं. मोहाच्या झाडांपर्यंत रेंज येत होती, ते वर्षालीनं स्वतः फिरून पाहिलं होतं. पण सहा जणींनी बटण न दाबताच फोन पुढं सरकवला, आणि आता भागाबाईही नुसती पाहत बसली.

पुण्याच्या कंपनीतून आलेले साहेब गालात हसले. वाघाची सूचना देणारं त्यांचंही ॲप तयार होतं, ठरावाचा कागदही तयार होता. गावात एकच ॲप चालणार, आणि कोणतं ते आजच्या सभेत ठरणार होतं.

"बेटा, मुळात हे ॲपच नाही," ते वर्षालीला म्हणाले. "वेबसाइट आहे, डब्यात भरलेली. शिकाऊ पोरं असंच करतात."

त्यात खोटं काही नव्हतं. वर्षालीला तेवढंच येत होतं. वर्ध्याला होस्टेलात राहून ती वेबसाइट बनवायला शिकली. तीच पानं ॲपमध्ये कशी बसवायची, ते तिनं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून, तीन महिने डोकं फोडून जमवलं. मागच्या चैत्रात तिची आई धुरपता मोह वेचायला गेली ती परत आलीच नाही. भागाबाईनं नाल्याच्या अलीकडून वाघ पाहिला होता. जीव तोडून धुरपतावहिनीला हाक मारली होती. वारा उलटा होता, हाक पोचली नाही. आता पुन्हा मोह गळायला लागला होता, आणि उद्या पहाटे सगळ्या बाया निघणार होत्या.

"डब्यातली तं डब्यातली!" वर्षाली तडकली. "फोन वाजते ना? मंग झालं! आत्या, दाब ना व."

"नाई दाबत."

"काऊन पण?"

भागाबाईनं फोन तिच्या नाकासमोर धरला. बटणावर वाघ होता, जबडा उघडलेला, डोळे वटारलेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र टाकावं, असं कोर्सच्या सरांनी शिकवलं होतं. वर्षालीनं त्यातल्या त्यात झ्याक चित्र निवडलं होतं.

"त्याच्या तोंडावर बोट ठेवू काय मी?" भागाबाई म्हणाली. "उद्या त्याच्याच घरात जाचं आहे आमाले. होस्टेलात राहून देव बी इसरली काय व पोरी?"

वर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाघ म्हणजे देव, जंगलात त्याचं नाव काढायचं नाही, त्याच्याकडं बोट दाखवायचं नाही, हे आईनं तिला बोलायला शिकवतानाच शिकवलं होतं. आणि तिनं देवाचं तोंड बटणावर छापून बायांना सांगितलं, टोचा! अक्कल कुठं गहाण पडली होती कोण जाणे.

"चित्र आमच्या ॲपमध्येही वाघाचंच आहे," साहेब म्हणाले. "कळवतो मी पुण्याला. महिनाभरात बदलून येईल. तोवर सह्या करून घेऊ."

"महिन्यात तं मोह सरते, साहेब," सरपंच नत्थूजी म्हणाले. पण पेन त्यांनी घेतलंच.

"कोणीच सही नाई करत!" वर्षाली उभी राहिली. "आत्या, चाल माह्यासंग."

आत सह्यांवरून कल्ला सुरू झाला. इकडं वर्षालीनं भागाबाईला पार शेताच्या धुऱ्यापर्यंत नेलं.

"तो दिसला तं तू काय हाक मारतं?"

वर्षभरात ती हाक भागाबाईच्या तोंडून निघाली नव्हती. मग तिनं पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. वर्षालीनं ते फोनमध्ये भरून घेतलं.

पंधरा मिनिटांत दोघी परत आल्या. वर्षालीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. वाघ काढला. त्या जागी डोक्यावर टोपली घेऊन घराकडं निघालेली बाई टाकली. वेबसाइटच ती. पान बदललं की काम झालं, पुण्याला कशाला विचारायचं?

"ॲप बंद करा अन् पुन्हा उघडा," ती म्हणाली. "हं, आत्या."

भागाबाईनं अंगठा दाबला.

कमरेतल्या, पिशव्यांतल्या, पदराआडच्या सगळ्या फोनमधून एकदमच हाक उठली, "बाया वऽऽ, घरी चलाऽऽ!"

टाळी कोणीच वाजवली नाही. सगळ्या उठल्या. कोणी लेकरू काखेत मारलं, कोणी चपला तिथंच सोडल्या. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही, आणि बघता बघता समाजमंदिर रिकामं झालं.

"अहो, ही नुसती चाचणी होती!" साहेब ओरडले. "बसा! सह्या राहिल्यात!"

भागाबाई रिकाम्या सतरंजीकडं बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"पोचली व धुरपते," ती म्हणाली. "पोचली."

मग डोळे पुसून ती उठली आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"अन् तुमी काऊन बसून राह्यले, साहेब? हाक आयकू नाई आली काय?"