दिवसाआड

टक्कन आवाज झाला. औषधाच्या रिकाम्या बाटलीचं झाकण फरशीवर पडलं, स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन पलंगाखाली गेलं. लेकीनं चोरून आईकडे पाहिलं. तासभर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं, आणि त्यातली वीस मिनिटं अजून उरली होती.

"झाकण बोललं, मी नाही," लेक कुजबुजली.

आईनं मान वर केली नाही. तिच्यासमोर दोन कागद होते. एक जुना, डॉक्टरांनी लिहिलेला. लहान मुलांच्या औषधाच्या खोक्यात घडी घालून जायचा तो. दुसरा आज सकाळी छापखान्याच्या मालकांनी चॅटबॉटकडून 'सोप्या भाषेत' करून घेतलेला. तिचं काम एवढंच, वाचायचं आणि खाली 'तपासले' लिहून सही करायची. चारला छपाई होती.

जुन्या कागदावर होतं, 'दिवसाआड पाच थेंब'. नव्यावर, 'दररोज पाच थेंब'.

तिनं मालकांना फोन लावला.

"अगं, सोपं केलंय त्यानं," ते म्हणाले. "आणि मी आंधळेपणानं घेतलं नाही. बरोबर आहे ना, असं त्यालाच विचारलं. बरोबर आहे म्हणालं."

"चोरालाच विचारलंत, चोरी केलीस का म्हणून."

"तुझं बरं आहे, घरी बसून शब्द निवडायचे. इथं माणसं खोळंबलीत. सही पाठव, नाहीतर दुसऱ्या कुणाची घेतो."

"अर्धा तास द्या."

तिनं संगणकावर चॅटबॉटला लिहिलं, दिवसाआड म्हणजे दररोज नव्हे. 'तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. चुकीबद्दल क्षमस्व.' मग तिनं मुद्दामच लिहिलं, नाही, दररोजच बरोबर. 'तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.' तिला हसू आलं. नंदीबैल परवडला, त्याला मान हलवायला निदान ढोलकं तरी लागतं.

तिनं त्याला मत विचारायचं सोडलं आणि काम सांगितलं. दोन्ही कागद दिले. आकडा, वेळ, माप जिथं जिथं वेगळं आहे, तेवढ्या ओळी समोरासमोर मांड. चूक की बरोबर, ते तू ठरवायचं नाहीस.

क्षणात सहा जागा समोर आल्या. तिला एवढ्याला दुपार लागली असती. एकेकीवर बोट ठेवून तिनं त्या जुन्या कागदाशी ताडून पाहिल्या. सहाही खऱ्या होत्या. चार साध्या, दोन जिवावरच्या.

तरी तिनं जुना कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. खालून तिसऱ्या ओळीत होतं, 'अनशापोटी देऊ नये'. नव्या कागदात ही ओळच नव्हती. बदललेलं त्यानं शोधलं होतं. गळलेलं त्याला दिसलंच नव्हतं.

तिनं पुन्हा फोन लावला. "सात जागा आहेत. नीट करून पाठवते. सही त्याच कागदावर मिळेल."

"आणि मी आहे तोच छापला तर?"

"छापा. 'तपासले'च्या पुढे सहीसुद्धा त्याचीच घ्या. देतंय का बघा."

पलीकडे मालक खोकले. "एवढं काय गं त्या दिवसाआडचं? लोकांना कळत तरी नाही आता."

तिनं फोन लेकीपुढे धरला. "बाळा, बाहुलीला दिवसाआड औषध द्यायचं म्हणजे कसं?"

"आज द्यायचं, उद्या सुट्टी. परवा द्यायचं," लेक म्हणाली. "माझे केस धुतो तसं."

"चार वर्षांची आहे," तिनं मालकांना सांगितलं.

मग ते म्हणाले, "पाठव. साडेचारला लावतो." आणि फोन ठेवला.

लेक पलंगाखालून झाकण घेऊन आली आणि मांडीवर चढून बसली. पडद्यावरच्या अक्षरांकडे तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"हे चुकलं होतं?"

"हो."

"मग सॉरी म्हणालं?"

"लगेच."

लेकीनं झाकण बोटावर टोपीसारखं घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"आई, मी चुकले की तू रागावतेस. याला कोण रागावतं?"