वांगी रंग

विश्वेश्वरने यल्लाप्पाचं डावं मनगट ऐरणीवर दाबून धरलं आणि कल्लाप्पाने कोपऱ्यातला हातोडा उचलला. हातोडा यल्लाप्पाचाच. सकाळचे दहा वाजले होते, गल्लीत फुलवाली ओरडत होती, आणि दाराला आतून कडी होती.

“पट्टी कशी करतोस ते सांग,” कल्लाप्पा म्हणाला. “एवढंच विचारतोय.”

बँजोच्या बटणाखाली बसणारी पोलादी पट्टी, बोटभर लांबीची. तिच्यामुळे दाबलेलं बटण खडखड न करता क्षणात वर येई. ती यल्लाप्पाने शोधून काढली होती. गेल्या महिन्यात त्याने ती होसकोटे गावच्या बँडला बसवून दिली, आणि एका वरातीत त्यांनी कल्लाप्पाच्या बँडला असं मागे टाकलं की लोकांनी शिट्ट्या मारून कल्लाप्पाला वाजवायचं थांबवायला लावलं.

“कन्नड राज्य एक झालं त्या साली बेळगावहून आलास, तेव्हा तुझ्या बँजोला खोळसुद्धा नव्हती. माझ्या बँडात उभा राहिलास. आणि पट्टी होसकोट्याला? बोल की रे.”

त्याच खोलीत, शेगडीपाशी, यल्लाप्पाची बायको तानूबाई बाळाला पाजत बसली होती. तिच्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. तो का बघत नाही ते तिला कळत होतं.

“अण्णा, स्वल्प थांब,” विश्वेश्वर थोरल्या भावाला म्हणाला. “सांगेल तो.”

हातोडा करंगळीवर पडला.

आवाज अगदी लहान झाला. यल्लाप्पा ओरडला तो त्यानंतर. बाळ दचकलं, अंगावरून सुटलं आणि तेही रडू लागलं.

“चार राहिली,” कल्लाप्पा म्हणाला.

“यांना मारून काय मिळणार?” तानूबाई म्हणाली. “यांना येतच नाही ते. पट्टी मी भाजते.”

कल्लाप्पा हसला. “ऐकलंस का विश्वा? नवरा बँजो वाजवतो आणि बायको भाकरीबरोबर पट्ट्या भाजते.”

“हो. त्याच तव्यावर.”

“गप बस तू,” यल्लाप्पा म्हणाला. पण ते तो इतक्या घाईने म्हणाला की कल्लाप्पाचं हसणं थांबलं.

“दाखव, अक्का.”

घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगमधून कापलेल्या, घासून लख्ख केलेल्या पट्ट्या डब्यात होत्या. कापणं, वाकवणं, लाल तापवून तेलात बुडवणं यल्लाप्पाचं. शेवटची भाजणी तेवढी तिची, कारण त्याला रंग नीट ओळखू येत नसत. जांभळं आणि निळं त्याला एकच.

तिने बाळ कडेवर घेतलं, निखारे फुंकले, तवा ठेवला आणि त्यावर एक पट्टी. शेजारी एरंडेलाची वाटी.

पट्टीवर हळूहळू हळदीचा रंग चढला. हळदीवर काढलेली पट्टी काचेसारखी कडक होते. दोन-चार गाणी तग धरते आणि मग ताडकन तुटते. सुरुवातीला तिनेही तशाच काढल्या होत्या. त्यातल्या एकीचा तुकडा वाजवताना उडून फडताळाच्या दारात रुतला, तो अजून तिथेच होता. हळदीनंतर तपकिरी येतो, मग वांगी. वांगी रंग आला की पट्टी तेलात टाकायची. थांबायचं ते त्याच्यासाठी.

तिने ऐरणीकडे पाहिलं. करंगळीत करंगळीसारखं काही उरलं नव्हतं.

“हा रंग,” ती म्हणाली. “हळदीचा. नीट बघून ठेवा.” आणि चिमट्याने उचलून तिने पट्टी तेलात टाकली.

कल्लाप्पाने ती पुसली, अंगठ्याने वाकवून सोडली. उसळली. दहादा वाकवली, दहादा उसळली. मग शेगडीपुढे बसून डब्यातल्या सगळ्या पट्ट्या त्याने स्वतःच्या हाताने हळदीवर काढल्या, आणि प्रत्येकीला तिच्याकडे बघून विचारलं, “सरी? बरोबर?” प्रत्येक वेळी तिने मान हलवली.

“परवा आनेकलच्या जत्रेत होसकोट्याचे काय वाजवतात बघू,” तो म्हणाला. पट्ट्या त्याने खिशात घातल्या आणि हातोडा जागच्या जागी ठेवला.

विश्वेश्वरने मनगट सोडलं. दारात चपला घालताना तो मागे वळून हलक्या आवाजात म्हणाला, “अक्का, हाताला काहीतरी बांधा लवकर.”

ते गेल्यावर तानूबाईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, दोन कामट्या घेतल्या. यल्लाप्पा दात आवळून बसला होता.

“मी मनात ताल धरून मोजत होतो,” तो म्हणाला. “पट्टी तव्यावर असेतो रोज तीन आवर्तनं होतात. आज दोनच झाली.”

“हो.”

“त्यांच्याकडे बँजो विश्वाच वाजवतो.”

“माहीत आहे.”

“अधू डोळ्यांचा आहे तो. वाजवताना तोंड अगदी बटणांवर टेकवतो.”

तानूबाईने गाठ मारली. बाळ पुन्हा कुरकुरू लागलं होतं. तिने पदर सावरून त्याला दुसऱ्या अंगाला घेतलं आणि ते नीट ओढू लागेपर्यंत थोपटलं.

“तुमचा हात कुणी धरला होता?” ती म्हणाली.