कडेची जागा

"उष्टावणाच्या फोटोत विधवा नको, लेकराला बाधतं," सासूबाईंनी बजावलं होतं. विधवा म्हणजे त्यांचीच लेक, आमच्या पद्मजावन्सं. बाळाला रोज न्हाऊ घालायला मात्र त्याच लागत.

बाळ शिंकलं तरी घाबरणारी मी, पण हे मानलं नाही. साडीच्या पैशांत उल्हासनगरच्या कॅम्पातून जुना कॅमेरा आणला, भिंग फिरवत रुंद फोटो घेणारा. "सस्ता है बहनजी, पर कोनेवाला भी आएगा," सिंधी दुकानदार म्हणाला.

उष्टावणाच्या दिवशी अंगणात फोटोच्या वेळी "पद्मे, कडेला हो," सासूबाई म्हणाल्याच. वन्सं सवयीने तुळशीपाशी सरकल्या. मी कळ दाबली. भिंग तुळशीपर्यंत फिरलं.

बाळ आता शाळेत जातं. फोटो बाहेरच्या खोलीत आहे, वन्संसकट.

तुमच्या घरच्या फोटोतून कडेला कोण सुटलंय? जरा त्यांच्याकडे जाऊन या.