सहावा निळा कोट

ऑफिसच्या आभासी सभेचा चष्मा डोळ्यांवर चढला तसे सफाईवाल्या मावशींचे गुडघे दिसेनासे झाले. दुखायचे मात्र थांबले नाहीत. समोर लांबलचक टेबल, भोवती पाच खुर्च्या, खुर्च्यांत पाच निळे कोट. सगळ्यांची उंची तीच, चेहरा तोच गुळगुळीत, आवाजही एकाच साच्यातला. यातला आपला कोट कुठला, हे कळायला मावशींना हात हलवून बघावा लागला.

इमारतीसाठी मुकादम निवडायचा होता. ऑफिसने यंदा नवीनच टूम काढली होती. कोण कोण आहे ते कुणालाच कळू द्यायचं नाही, म्हणजे तोंड पाहून टिळा लावणं नको. उमेदवार असो की निवडणारा, ज्याची ओळख पटेल तो बाद. बावीस वर्षं फरशा पुसून मावशींचे गुडघे कामातून गेले होते. मुकादम झाल्या तर नुसती देखरेख, नाहीतर घरी बसणं.

"तिथे तू मावशी नाहीस," लेकीने बजावलं होतं. "बिनधास्त बोल."

आणि मावशी बोलल्या. चौथ्या मजल्यावर नळ गळत नाही, भिंतीतला पाइप फुटलाय, हे इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी सगळ्यांसमोर मांडलं. मध्येच कुणी तोडलं नाही. एक कोट तर "बरोबर आहे तुमचं" म्हणाला. मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात दार उघडून सहावा निळा कोट आत आला. मावशी ताडकन उठल्या. बाकीचे चौघे बसूनच.

"मावशी ना?" सहावा कोट म्हणाला. "मी आलो की उठणाऱ्या अख्ख्या इमारतीत तुम्ही एकट्याच. ओळख पटली. नियम म्हणजे नियम, तुम्ही बाद."

मावशींना रडू फुटलं, पण त्या चेहऱ्याला रडायची सोयच नव्हती. ते एक बरं झालं.

"मग तुम्हीही बाद, साहेब," त्या म्हणाल्या.

"मी कसा?"

"तुम्हाला ओळखलं म्हणून तर उठले. कोट सारखा, आवाज सारखा. पण दार न वाजवता आत येणारे इथे तुम्ही एकटेच."

मावशी खाली बसल्या. सहावा कोट वळून बाहेर गेला. दार लागलं. थोड्या वेळाने त्यावर टकटक झाली.

चारही गुळगुळीत चेहरे मावशींकडे वळले.

"या," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या.