खांद्याला बसलेला रिग

लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या समाधानचा उजवा खांदा कॅमेरा पेलणाऱ्या रिगच्या सांगाड्याने सोलवटून निघाला होता. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या उद्धवरावांना मुलाचे हाल पाहवेनात. त्यांनी रिगची पट्टी त्याच्या खांद्याच्या उताराप्रमाणे वाकवली, तिच्याखाली जाड फोम बसवला आणि तोल साधावा म्हणून मागच्या बाजूला वजन जोडले.

"आता दुखणार नाही. पण मालकासमोर खांदा चोळत राहा."

समाधान नुसता हसला.

पुढच्याच आठवड्यात स्टुडिओचे मालक म्हणाले, "काय भावा, हल्ली खांदा चोळत नाहीस. बरं झालं. उद्या ताथवड्याचं लग्न उरकलं, की देहूरोडचं रिसेप्शनही तूच घे."

दोन्ही उरकून परतलेल्या समाधानने रिग वडिलांपुढे ठेवला. त्याला धड उभे राहवत नव्हते.

"बाबा, हा होता तसा करून द्या."

"बिघडवायचा कशाला? चोळायला शीक," उद्धवराव म्हणाले. "काम सोपं झालेलं दिसलं, की टार्गेट वाढतं. कंपनीत माझी कंबर जन्मभर दुखत होती. रिटायर झालो, त्याच दिवशी दुखायची थांबली."