अण्णांचे डोळे

अण्णांना अग्नी देऊन ग्वारीघाटावरून माणसं परतून अंघोळीला लागली, तेवढ्यात कॅनडाहून लेकीचा, प्रणोतीचा फोन आला. तिला येणं जमलं नव्हतं, म्हणून चुलतभाऊ बंटीने तिरडी उचलण्याआधी अण्णांच्या चेहऱ्याचा फोटो काढून न बघताच पाठवला होता. “आई, अण्णा तर बघून राहिले होते! काहून नेलं त्यांना?” हेमलताबाई बंटीकडे वळल्या. पहाटे नवऱ्याचे डोळे त्यांनीच आपल्या हाताने मिटवले होते. बंटीने फोटो उघडला. अण्णा एकटक बघत होते. “काकू, फोनमध्ये नवीन एआय आलं आहे,” तो चाचरला, “फोटोत मिटलेले डोळे आपोआप उघडून देते. बंद करायचं बटणच नाही ठेवलं कंपनीने.” पलीकडून प्रणोती ओरडतच होती, “जिवंत होते अण्णा!” हेमलताबाईंनी बंटीचा फोन मांडीवर घेतला, पहाटेसारखीच दोन बोटं दोन पापण्यांवर टेकवली आणि अलगद फिरवली. काचेवर बोटं जराशी फाकली आणि डोळे आणखी मोठे झाले.